अक्कलदाढेची साक्ष

दाढ आणि मुलगी, दोघींपैकी एक खोटं बोलत होती.

डॉ. अनुपमा वैराळे हिने पडद्यावरचा आलेख तिसऱ्यांदा पाहिला. विशाखा कुबल, वय अठरा, बारावी उत्तीर्ण. चौथ्या वर्षापासून आपण पठारनगरात राहतो, असं तिचं म्हणणं. तिच्या अक्कलदाढेचं म्हणणं असं, की ही मुलगी निदान चौदाव्या वर्षापर्यंत समुद्रकाठी होती. नियम दाढेच्या बाजूने होता, आणि दंतसाक्ष प्रयोगशाळेची मुख्य परीक्षक म्हणून अनुपमाला नियमाच्या बाजूने राहावं लागे.

पठारनगर वसलं ते समुद्र वर चढल्यावर. किनारा पाण्याखाली जाऊ लागला तेव्हा घाटाच्या अलीकडे, काळ्या पाषाणावर हे शहर बांधलं गेलं. पाणी मोजून माणसं घेतली आणि दार लावून घेतलं. किनाऱ्यावरचे उरलेले लोक टेकड्यांवरच्या छावण्यांत राहिले. पण दार कितीही घट्ट लावलं तरी माणसं आत येतातच. कोणी इलाजासाठी आलं, कोणी कामासाठी, आणि परवान्याची मुदत संपल्यावर परत गेलं नाही. अशांच्या मुलांना शाळेत घ्यायचं, कागद विचारायचे नाहीत, एवढा मोठेपणा शहराने दाखवला होता. हा मोठेपणा बारावीला संपत असे. निकालाच्या दिवशी हातात गुणपत्रिका पडायची आणि पाठोपाठ छावणीत रवानगीची नोटीस.

अकरा वर्षांच्या भांडणानंतर कुठे वास्तव्यसिद्धीचा कायदा झाला. अटी दोनच होत्या. बारावी पठार मंडळातून झालेली हवी आणि अक्कलदाढ पठाराची हवी. पत्ता कोणी विचारत नव्हतं, कारण बिनकागदी मुलाकडे पत्त्याचा कागद येणार कुठून? निकालापासून नव्वद दिवसांच्या आत दाढ काढून जमा करायची. अक्कल यायच्या आधीच सरकार अक्कलदाढ मागतं, अशी थट्टा मुलं आपसांत करत आणि गाल सुजवून घरी जात.

विशाखाच्या गालावरची सूजही अजून पुरती उतरली नव्हती. ती खुर्चीत बसली ती डावा पाय जरा लांब करून.

"अहवाल प्रतिकूल आहे," अनुपमा म्हणाली. असल्या गोष्टी गोल गोल सांगणं तिला जमत नसे.

"म्हणजे मी इथे नव्हते?"

"दाढेच्या मते नव्हतीस."

मुलीने थोडा विचार केला. "हाडांच्या दवाखान्यात माझ्या पायाचे साचे आहेत, मॅडम. दर वर्षी पट्टा बदलायचा, म्हणून दर वर्षी एक साचा. सात आहेत. ते चालतील?"

"तुझ्या नावाचे आहेत?"

"नाहीत. पकडतील म्हणून आईने नाव लावलंच नाही. त्यांच्यावर नुसता आकडा आहे."

"मग नाही चालणार. आणि नाव असतं तरी कायदा फक्त दाढ मानतो."

विशाखाने मान हलवली. कृत्रिम अवयव तयार करायला शिकवणाऱ्या संस्थेत तिला जागा मिळाली होती. तीस तारखेपर्यंत रहिवासाचा दाखला दिला नाही तर ती जागा जाणार होती, आणि तिच्या मागोमाग विशाखाही. हे तिने रडून सांगितलं नाही, गणितातली पायरी सांगावी तसं सांगितलं. अनुपमाला तेच जास्त लागलं.

"अपील करता येतं," ती म्हणाली. "दाढ तुला किनाऱ्याची म्हणते. तर खरोखर किनाऱ्यावर वाढलेल्या, तुझ्याच वयाच्या कोणाची तरी दाढ तुलनेला मागवायची. दोन्हींत ठळक फरक निघाला, तर फेरविचार होतो. आहे का कोणी?"

"माझी बहीण आहे. जुळी. अनुराधा. छावणीत असते, मावशीकडे."

गोष्ट अशी होती. दोघी चार वर्षांच्या असताना विशाखाच्या पायाची हाडं वाकायला लागली. बाप त्याच्या आदल्याच वर्षी होडीसकट गेला होता. शहरातल्या दवाखान्याने तीस दिवसांचा परवाना दिला, तो आजारी मूल आणि आई एवढ्या दोघांपुरताच. इलाज चालला सात वर्षं. तीस दिवस संपले तेव्हा आई परत गेली नाही, आणि गेली असती तर विशाखा आज चालली नसती.

"बहिणीला नंतर कधी भेटलीस?"

"दर रविवारी पडद्यावर. अर्धा तास."

अनुपमा मनातून खूश झाली. जुळी बहीण, जन्म एका घरातला, रक्त एक, फरक फक्त राहण्याचा. याहून चांगला तुलना-नमुना पुस्तकातही मिळाला नसता. तिने त्याच दिवशी छावणीच्या दंतवैद्याला पत्र पाठवलं.

नऊ दिवसांनी मोहोरबंद डबी आली. थर-वाचक यंत्राने अनुराधाची दाढ उभी चिरली, लेसरने आतून बाहेर एकेक थर जाळत वाचला आणि आलेख काढला. आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत सरळ रेषा होती, आणि ती रेषा पठाराची होती.

डब्यांची अदलाबदल झाली असेल, असं कोणालाही वाटलं असतं. पण विशाखाची दाढ तपासली तेव्हा अनुराधाची तिच्या जबड्यातच होती. अनुपमाने यंत्र पुसलं, मानक नमुना चालवून पाहिला, दाढेचा दुसरा तुकडा घातला. रेषा तीच आली. जी मुलगी पठारावर राहिली ती समुद्राची आणि जिने पठार कधी पाहिलं नाही ती पठाराची. अनुपमाने दोन्ही आलेख उचलले आणि वरच्या मजल्यावर गेली.

वरच्या मजल्यावर डॉ. फडतरे बसत. दंतसाक्ष ही पद्धत त्यांचीच. कोणत्या प्रदेशाची दाढ कशी दिसते याचा नकाशा त्यांनी तीस वर्षांपूर्वी बनवला होता. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांची खुर्ची हलवायची कोणाची छाती नव्हती. त्यांनी दोन्ही आलेख पाहिले आणि बाजूला ठेवले.

"अनुपमा, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतेस तसं मला सांग. दाढ साक्ष कशी देते?"

"सर, आता?"

"आत्ताच."

"अक्कलदाढेचा मुकुट आठव्या-नवव्या वर्षी बनायला लागतो आणि चौदाव्याच्या आसपास पुरा होतो," अनुपमा म्हणाली. "रोज कणभर थर चढतो. एकदा चढला की तो पुन्हा बदलत नाही. शरीर कॅल्शियम घ्यायला जातं, त्याच्याबरोबर थोडं स्ट्रॉन्शियमही आत येतं, कारण शरीराला दोघांतला फरक नीट ओळखता येत नाही."

"पुढे."

"स्ट्रॉन्शियमची समस्थानिकं असतात. आपण दोन मोजतो, एक जड आणि एक हलकं. आपल्या काळ्या खडकात जडाचं प्रमाण कमी. समुद्रात जास्त, आणि जगातल्या सगळ्या समुद्रांत सारखंच. खडकाची माती होते. मातीतून ते ज्वारीत जातं, चाऱ्यातून दुधात जातं, तिथून दाढेत. या सगळ्या वाटेत प्रमाण जवळजवळ बदलत नाही. म्हणून दाढ पाहिली की मूल कुठे राहिलं ते कळतं."

फडतऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खडक आला, माती आली, ज्वारी आली, दूध आलं. राहणं कुठे आलं त्यात?"

 अठरा वर्षं अनुपमा हे वाक्य मुलांना शिकवत होती. राहणं त्यात कुठेच आलं नव्हतं.

"तुमच्या नकाशातले किनाऱ्याचे नमुने कधीचे, सर?"

"समुद्र चढायच्या आधीचे. दंतमहाविद्यालयाच्या बरण्यांतल्या दाढा. तेव्हा किनाऱ्यावरची माणसं किनाऱ्यावरचंच खात."

"आणि छावणीतल्या मुलांच्या?"

"त्यांच्या कशाला तपासू? ती अर्ज करतात कुठे?" हे बोलता बोलता म्हाताऱ्याचा आवाज उतरला. आपली चूक स्वतःच्याच तोंडून ऐकण्याची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती.

छावणीचं शिधापत्रक मिळवायला दहा मिनिटं लागली. विहिरी खारट झाल्यामुळे पाणी पठारावरून टँकरने. ज्वारी पठाराची, डाळ पठाराची, मुलांना दुधाची भुकटी पठाराच्या दूधसंघाची. चौदा-पंधरा वर्षं हाच शिधा. अनुराधाच्या दाढेचं कोडं तिथेच सुटलं. विशाखाच्या दाढेसाठी अनुपमाला तिच्या घरी जावं लागलं.

मायलेकींची खोली एका धुलाईकेंद्राच्या मागे होती. दुपारचे साडेबारा झाले होते, आणि खोली सापडायला पत्त्याची गरज पडली नाही. जिन्यातच भाजलेल्या जवळ्याचा वास येत होता.

विशाखाची आई, प्रणाली कुबल, तव्यासमोरून उठली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "बसा बाई. ह्या वासाक शेजारी वैतागतत. तुमी पण वैतागशात."

"हे रोज करता?"

"रोज. हिका दूध सोसायचा नाय. डॉक्टर म्हणाले, हाडांका कॅल्शियम व्हया, कायतरी करून पोटात घाला. मग भयणीक कळवलंय, जवळो धाड. तेवापासून दर म्हयन्याक एक डबो येता, ट्रकवाल्याकडसून."

कोपऱ्यात पत्र्याचा डबा होता. अनुपमाने झाकण उघडलं. नखाएवढी सुकी कोळंबी, डोक्याशेपटीसकट, कवचासकट. समुद्राचं कॅल्शियम, आणि त्याच्याबरोबर समुद्राचं स्ट्रॉन्शियम. ताटातली मूठभर ज्वारी याच्यापुढे काय टिकणार होती? विशाखा शहरात राहिली, शहराच्या शाळेत शिकली, आणि हाडापर्यंत समुद्राची झाली, तीही शहरातल्याच डॉक्टरच्या सल्ल्याने.

"दोगी दोन ठिकाणी वाढल्यो," प्रणाली सांगत होती. "म्हटलंय, ताटात तरी एकच असांदे. भयण तिकडे तिका घालता, मी हिकडे हिका. दोगींच्या जिभेक एकच चव रवांदे."

अनुपमाच्या हातात चहाचा कप होता. अनुराधाच्या दाढेची रेषा तिला तोंडपाठ होती. त्या मुलीने आठवड्यातून एकदा जरी मूठभर जवळा खाल्ला असता तरी ती रेषा इतकी सपाट राहिली नसती. मावशीने सगळाच्या सगळा डबा वर पाठवला होता, महिन्यामागून महिने, आणि खालच्या मुलीला शिध्यावर वाढवलं होतं. हे आईला सांगायला अनुपमाला तोंड उघडवेना. तिने चहा संपवला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फडतऱ्यांसमोर बसली.

"परीक्षणच चुकीचं ठरतंय असं लिहू?" तिने विचारलं.

"लिही. विधिमंडळात काही जण या वाक्याची वाटच बघताहेत. कायदा उभा आहे तो या एका परीक्षणावर. ते पडलं की कायदा पडेल. यंदा सातशे मुलांनी दाढा दिल्यात. त्यांतली बहुतेक खरंच इथे राहिली, इथलं खाल्लं, त्यांचे अहवाल बरोबर आहेत. ती सगळी छावणीत जातील. आणि तुझी विशाखा त्यांच्याबरोबर जाईल, वाचणार नाहीच."

"नाही लिहिलं तर ती एकटी जाईल."

"हो."

 मग अनुपमाने कायद्याची प्रत उघडली. रात्रभर तिने तीच वाचली होती.

"सर, कलम सहा. प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक दाढेचा अहवाल रहिवास कार्यालयाला पाठवायचा. प्रत्येक म्हटलंय. तुलना-नमुना वगळलेला नाही."

"मग?"

"अनुराधा कुबल. वय अठरा. बारावी पठार मंडळातून, कारण छावणीतल्या शाळा मंडळच चालवतं. अक्कलदाढ पठाराची. अटी दोनच आहेत, सर. फक्त तिने अर्ज करायला हवा, आणि नव्वद दिवस अजून संपलेले नाहीत."

फडतऱ्यांनी कायद्याची प्रत स्वतःकडे ओढली.

"आणि कलम अकरा," अनुपमा म्हणाली. "रहिवास मिळालेल्या विद्यार्थ्याच्या एकवीस वर्षांखालच्या सख्ख्या भावंडाला आश्रित म्हणून रहिवास."

म्हातारा आधी हसला, आवाज न करता, पोट हलवत. मग त्याचं हसू गेलं. "छावण्यांत यंदा बारावी झालेली मुलं किती?"

"चार हजार."

"त्यांना कळायला आठवडा लागणार नाही. कार्यालय बोंब मारेल, लबाडी केली म्हणेल. केलीयस का तू?"

हा प्रश्न अनुपमाने स्वतःला आधीच विचारला होता. "अनुराधाच्या अहवालाच्या शेवटी मी एक ओळ घातलीय," ती म्हणाली. "ही दाढ मुलीने काय खाल्लं ते सांगते, ती कुठे राहिली ते नाही. खाली माझं पूर्ण नाव आणि सही. ज्यांना वाचायची आहे ते वाचतील. कार्यालय निकालाची चौकट बघून पान उलटतं, त्याला मी काय करू? आणि सर, दुसरंही एक आहे. पंधरा वर्षं आपण त्या मुलांना आत घेतलं नाही, पण आपल्या मातीतलं खायला घातलं. त्यांची हाडं आपल्या जमिनीची बनली आहेत. ती इथली नाहीत असं आपल्याला कोणत्या तोंडाने म्हणता येतं, मला माहीत नाही."

फडतऱ्यांनी चष्मा चढवला, ती ओळ दोनदा वाचली आणि तिच्या सहीशेजारी आपली सही केली. निवृत्त माणसाच्या सहीला कायद्यात काही किंमत नव्हती, तरी केली.

अनुराधाचा अर्ज विशाखाने रविवारच्या अर्ध्या तासात पडद्यावरून सांगून भरून घेतला. विशाखाचं स्वतःचं अपील नियमाप्रमाणे फेटाळलं गेलं. त्यानंतर सहाव्या दिवशी अनुराधा कुबल, मूळ रहिवासी, हिचा दाखला निघाला, आणि त्याच्या आधारावर विशाखा कुबल, आश्रित, हिचा. आईचं काय करायचं हा प्रश्न कायद्याने नेहमीप्रमाणे पुढच्या अधिवेशनावर टाकला होता.

सत्तावीस तारखेला छावणीची बस शहराच्या दाराशी लागली. अनुपमाला विशाखाने आग्रहाने बोलावलं होतं. बसमधून तोच चेहरा उतरला, पण अंगाने बारीक आणि उन्हाने रापलेला. चौदा वर्षांनी दोघी समोरासमोर आल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या. प्रणालीने विशाखाच्या पायाला इतकी वर्षं पट्टे बांधले होते. आता ती अनुराधाच्या खांद्यापासून मनगटापर्यंत हात फिरवून पाहत होती आणि रडत होती.

दारावरच्या पहारेकऱ्याने दोन्ही दाखले वाचले. विशाखाला म्हणाला, "आश्रित म्हणजे नवीन दिसता. बहिणीचा हात सोडू नका, रस्ते चुकतात इथे. त्या दाखवतील सगळं."

"हो," विशाखा म्हणाली आणि बहिणीला डावीकडच्या रस्त्याने घेऊन निघाली.

जेवायला अनुपमालाही बसवलं. प्रणालीने दोघींसमोर सारखी ताटं मांडली, भात आणि त्यावर कांदा घालून परतलेला जवळा. मावशीने अनुराधाबरोबरही एक डबा दिला होता. अनुराधाने एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि जवळा बोटाने ताटाच्या कडेला सारला.

"गो, काय झाला? खारट झालो?" आईने विचारलं.

"नाय. माका सवय नाय."

"सवय नाय कशी? रोज खातंस मां?"

अनुराधाने आईकडे पाहिलं. मुलीला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "खंय रोज? मावशी सगळो हिकाच धाडायची. म्हणायची, विशूच्या हाडांका लागता, आपणाक रेशन आसा."

प्रणालीच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने विशाखाच्या सरळ झालेल्या पायाकडे पाहिलं, मग अनुराधाच्या मनगटाकडे, मग अनुपमाकडे.

"तुमका म्हायत होता?"

"हो," अनुपमा म्हणाली. "दाढेत होतं."

 विशाखाने स्वतःच्या ताटातला जवळा चिमटीत घेतला, भातात नीट कालवला, त्याचा लहानसा घास केला आणि बहिणीच्या तोंडासमोर धरला.

"आता काय उपयोग?" अनुराधा म्हणाली. "तू तर सांगितलंस, दाढ एकदा बनली की बदलत नाही."

"दाढ नाही बदलत," विशाखा म्हणाली. "हाडं मरेपर्यंत बदलतात. खा."

अनुराधाने डोळे मिटून घास घेतला. दाढ काढलेली बाजू अजून दुखत होती, म्हणून ती उजवीकडून चावत राहिली. शेजारी बसलेली विशाखाही उजवीकडूनच चावत होती.